रक्ताचा थेंब आणि आकड्यांचा पूर

मधुमेह हे नाव मुळात एका रासायनिक निरीक्षणाचे नाव आहे. रोग्याच्या लघवीकडे मुंग्या धाव घेतात हे चरकसंहितेच्या काळातील वैद्यांनी पाहिले, तिच्यात गोडी असली पाहिजे असे अनुमान केले, आणि त्या गोडीवरूनच रोगाला नाव पडले. शरीरात आत काय बिघडले आहे ते शरीराबाहेर पडलेल्या एखाद्या द्रव्यावरून ओळखावे, ही कल्पना इतकी जुनी आहे. आज ज्या शास्त्राचा आपण विचार करणार आहोत ते याच कल्पनेचे वाढलेले रूप होय. जुना वैद्य एका द्रव्याची खूण पाहत होता. आजचे यंत्र रक्ताच्या एका थेंबातून हजारो खुणा टिपते. इतकी माहिती हाती आली म्हणजे ज्ञानही त्याच प्रमाणात वाढेल, अशी आपली सहज समजूत होते. ती समजूत किती भाबडी आहे, आणि माहितीच्या या पुरात वाहून जाऊ नये म्हणून संख्याशास्त्रज्ञ आणि संगणकाच्या आज्ञावली लिहिणारे लोक काय काय करतात, हे मला येथे सांगावयाचे आहे.

एक द्रव्य, एक रोग

आपण खाल्लेले अन्न अंगी लागेपर्यंत आणि त्यातील नको असलेला भाग बाहेर टाकला जाईपर्यंत शरीरात असंख्य रासायनिक घडामोडी चालतात. त्यांना आपण चयापचय म्हणतो. जोडणे तो चय, मोडणे तो अपचय. या घडामोडींत तयार होणारी आणि खर्ची पडणारी लहान रेणूंची द्रव्ये, म्हणजे साखर, युरिया, युरिक आम्ल, अमिनो आम्ले, कोलेस्टेरॉल इत्यादी, यांना आपण सोयीसाठी चयापचय-द्रव्ये म्हणू. त्या सर्वांचा एकत्रित अभ्यास करणाऱ्या शास्त्राला मेटॅबोलोमिक्स असे नाव आहे. नाव नवे, १९९८ च्या सुमारास रूढ होऊ लागलेले. काम मात्र त्यापूर्वीच सुरू झालेले आहे.

इंग्लंडमध्ये आर्चिबाल्ड गॅरॉड या डॉक्टरने १९०२ साली एका विचित्र विकाराविषयी लिहिले. या विकारात लघवी हवेत ठेवली की काळी पडते. याचे कारण एक विशिष्ट आम्ल शरीरात मोडले जात नाही आणि तसेच बाहेर पडते. हा दोष जन्मजात असतो आणि आईबापांकडून येतो, असे गॅरॉडने ओळखले. पुढे १९३४ मध्ये नॉर्वेतील आस्ब्यर्न फोलिंग यांच्याकडे एका आईने आपली दोन मतिमंद मुले आणली. फोलिंग यांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले, तेव्हा अपेक्षित नसलेला हिरवा रंग आला. त्या रंगाचा माग काढता काढता फेनिलकीटोन्यूरिया हा रोग सापडला. या मुलांच्या शरीरात फेनिलॲलॅनिन हे अमिनो आम्ल साचत जाते आणि मेंदूची वाढ खुंटवते. १९६० नंतरच्या वर्षांत अमेरिकेतील रॉबर्ट गथ्री यांनी नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या, टीपकागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबावरून हा दोष ओळखण्याची स्वस्त चाचणी रूढ केली. वेळीच आहार बदलला की मूल चांगले वाढते. एका थेंबाने किती जन्म सावरले असतील याची कल्पना करावी.

या सर्व शोधांत संख्याशास्त्राची फारशी गरज पडली नाही. रोगी आणि निरोगी यांच्यातील फरक एवढा ढळढळीत होता की तो डोळ्यांना दिसला. परंतु सर्व रोग असे सरळ नसतात. मधुमेह, हृदयविकार, कर्करोग यांत एखादेच द्रव्य शंभरपट वाढते असे होत नाही. अनेक द्रव्ये थोडी थोडी वरखाली होतात. आणि थोडासा फरक तर कोणत्याही दोन माणसांत असतोच. कालच्या जेवणाने, रात्रीच्या जागरणाने, वयानेही तो पडतो. तेव्हा कोणता फरक रोगाचा आणि कोणता रोजच्या व्यवहाराचा, हा प्रश्न उभा राहतो. येथून पुढे संख्याशास्त्राशिवाय गती नाही.

यंत्र काय देते?

१९७१ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या उच्छ्वासात सुमारे २५० आणि लघवीच्या वाफेत सुमारे २८० द्रव्यांच्या खुणा दाखवून दिल्या. त्या काळी हा आकडा आश्चर्याचा वाटला. आज कॅनडात तयार होणाऱ्या मानवी चयापचय-द्रव्यांच्या संग्रहात २००७ साली सुमारे २,००० नोंदी होत्या, त्या २०२२ च्या आवृत्तीत दोन लाखांच्या वर गेल्या. अर्थात यांतील पुष्कळ द्रव्ये शरीरात असावीत असा अंदाज आहे, प्रत्यक्ष मोजमाप झालेले नाही.

मोजमापाची रीत समजण्यास कठीण नाही. टीपकागदावर काळ्या शाईचा थेंब टाकून कागदाची कड पाण्यात बुडवली, की पाणी वर चढताना शाईतले रंग वेगवेगळ्या वेगाने सरकतात आणि एकमेकांपासून सुटे होतात. याच तत्त्वावर रक्तातील द्रव्ये एका बारीक नळीतून पाठवली जातात; कोणी लवकर बाहेर पडते, कोणी उशिरा. बाहेर पडलेल्या रेणूंना विद्युत्भार देऊन पोकळीत फेकतात. सारख्याच जोराने एक हलका आणि एक जड गोटा फेकला तर हलका आधी पोचतो. तसेच येथे रेणूच्या वेगावरून त्याचे वजन कळते. अशा रीतीने प्रत्येक खुणेचे तीन आकडे मिळतात: रेणूचे वजन, बाहेर पडण्याची वेळ, आणि किती रेणू आले ते प्रमाण. आलेखावर ही खूण एखाद्या शिखरासारखी दिसते. एका नमुन्यात अशी कित्येक हजार शिखरे असतात.

हजारो शिखरे म्हणजे हजारो द्रव्ये, असा हिशेब मात्र करू नये. निसर्गातील कार्बनच्या दर शंभर अणूंत साधारण एक अणू किंचित जड असतो, त्यामुळे एकाच द्रव्याची शेजारी शेजारी दोन-तीन शिखरे उमटतात. काही रेणू वाटेत सोडियमचा अणू चिकटवून घेतात आणि वेगळ्याच वजनाने हजर होतात. एकच माणूस टोपी, फेटा आणि पगडी बदलून तीनदा खानेसुमारीत मोजला जावा, तसा हा प्रकार आहे. हे सोंग ओळखणे आज्ञावलीचेच काम आहे.

आकडे साफ करण्याचे काम

आज्ञावलीचे पहिले काम म्हणजे शिखरे शोधणे आणि एका नमुन्यातील शिखराची दुसऱ्या नमुन्यातील त्याच शिखराशी गाठ घालणे. हे वाटते तितके सोपे नाही. जे द्रव्य सकाळच्या नमुन्यात ३०२ व्या सेकंदाला बाहेर पडले तेच संध्याकाळी ३०७ व्या सेकंदाला पडते, कारण नळी तापते, जुनी होते. कोल्हापूरहून पुण्याला जाणारी एस. टी. रोज त्याच थांब्यांवरून जाते. पण एखाद्या दिवशी वाटेत खोळंबली, तर कऱ्हाडला आणि साताऱ्याला ती किती उशिरा पोचली यावरून मधल्या लहान थांब्यांच्या वेळाही आपण दुरुस्त करून घेऊ शकतो. तसेच, जवळजवळ सर्व नमुन्यांत ठळक दिसणारी काही शिखरे ओळखीचे थांबे म्हणून धरतात आणि त्यांच्या उशिरावरून बाकीच्यांची वेळ सुधारतात. अमेरिकेतील स्क्रिप्स संशोधन संस्थेत तयार झालेली आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेली एक्ससीएमएस नावाची आज्ञावली हेच काम करते. ती कोणालाही विनामूल्य मिळते, आणि आतील प्रत्येक ओळ वाचता येते.

दुसरे काम प्रमाण सारखे करण्याचे. सकाळपासून तांब्याभर पाणी प्यालेल्या माणसाची लघवी पातळ असणार. तिच्यातील प्रत्येक द्रव्य कमी दिसणार. यावर एक युक्ती आहे. दुधात पाणी घातले तर साखर, स्निग्धांश, प्रथिने सगळीच सारख्या प्रमाणात पातळ होतात. म्हणून प्रत्येक द्रव्याचे एका ठराविक नमुन्याशी गुणोत्तर काढावयाचे आणि सर्व गुणोत्तरे क्रमाने मांडून मधले घ्यावयाचे. हजार द्रव्यांपैकी बहुतेक निम्म्याच्या आसपास दिसत असतील तर लघवी दुप्पट पातळ आहे असे समजून सर्व आकड्यांना दोनाने गुणावयाचे. सरासरी न घेता मधला आकडा घेण्यात मर्म आहे. रोगामुळे एखादे द्रव्य पन्नासपट वाढले असेल तर त्याने सरासरी बिघडते. मधला आकडा हलत नाही.

तिसरी अडचण शून्याची. यंत्राने एखाद्या नमुन्यात द्रव्य दाखवले नाही, म्हणजे ते तेथे नव्हतेच असे नाही. यंत्राच्या पकडीत येण्याइतके नव्हते, इतकाच त्याचा अर्थ. अशा रिकाम्या जागी डोळे मिटून शून्य भरणारी आज्ञावली दोन गटांत नसलेला फरक निर्माण करील.

चौथी अडचण सर्वांत कपटी आहे. नमुन्यामागून नमुने मोजता मोजता यंत्र थकते. सकाळी जे प्रमाण शंभर दाखवले तेच सायंकाळी ऐंशी दाखवते. आता कोणी सर्व रोग्यांचे नमुने सकाळी आणि सर्व निरोग्यांचे संध्याकाळी मोजले, तर यंत्राचा थकवा रोगाचे लक्षण म्हणून पुढे येईल. यावर दोन उपाय आहेत. नमुन्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावयाचा; शेतीच्या प्रयोगांसाठी रोनाल्ड फिशर यांनी १९२० नंतरच्या दशकात जो आग्रह धरला तोच हा. आणि प्रत्येक नमुन्यातून थोडे थोडे घेऊन एक मिश्रण करावयाचे व तेच मिश्रण दर काही नमुन्यांनंतर पुन्हा पुन्हा मोजावयाचे. मिश्रण एकच, तेव्हा उत्तरही एकच यावयास हवे. ते जसजसे ढळते तसतसा यंत्राचा ढळ आपल्याला कळतो आणि आज्ञावली तो बाकीच्या आकड्यांतून काढून टाकते. दुकानदाराच्या तराजूत मधूनमधून खात्रीचे वजन टाकून पाहावे, तसेच हे.

योगायोगाची किंमत

आता आकडे स्वच्छ झाले असे धरू. पन्नास रोगी, पन्नास निरोगी, आणि प्रत्येकाची हजार द्रव्ये आपल्यासमोर आहेत. कोणती द्रव्ये दोन गटांत वेगळी आहेत?

संशोधनातील एक जुना प्रघात असा की, वास्तविक फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याचा संभव शंभरात पाचांहून कमी असेल, तर तो फरक लक्षणीय मानावा. एकाच द्रव्याचा प्रश्न असेल तोवर हा नियम चालून जातो. हजार द्रव्यांना तोच नियम लावला तर? दोन गटांत कसलाही फरक नसला तरी हजाराचे शेकडा पाच, म्हणजे सुमारे पन्नास द्रव्ये लक्षणीय ठरतील. १,०२४ माणसांना प्रत्येकी दहा वेळा रुपया उडवायला सांगितले तर त्यांत सरासरी एकाला दहाही वेळा छापा पडेल. त्या एकाला सिद्धपुरुष समजून त्याच्या मागे लागणे आणि त्या पन्नास द्रव्यांवर शोधनिबंध लिहिणे, या दोहोंत फार अंतर नाही.

याला एक कडक उपाय आहे. हजार द्रव्ये तपासावयाची तर मर्यादाही हजारपट कडक करावी. शेकडा पाचाऐवजी लाखात पाच. यात चूक होण्याची भीती जवळजवळ जाते, पण खरे फरकही त्या चाळणीतून बाहेर पडतात. चोर सुटू नये म्हणून गावातल्या सर्वांना पकडणे जसे वाईट, तसेच निरपराधाला धक्का लागू नये म्हणून कोणालाच न पकडणेही वाईट.

१९९५ साली इस्रायलचे योआव बेंजामिनी आणि योसेफ हॉखबर्ग यांनी प्रश्न विचारण्याची रीतच बदलली. आंब्याचे उदाहरण घेतो. पेटी विकत घेणारा माणूस बागेत एकंदर किती फळे नासली याची चौकशी करीत नाही. माझ्या या पेटीत किती नासके निघतील, एवढेच तो विचारतो. शंभरात चार-पाच निघाले तर तो कुरकुर करीत नाही. निम्मे निघाले तर पेटी परत करतो. या दोघांनी तेच केले. ‘लक्षणीय’ म्हणून निवडलेल्या द्रव्यांच्या पेटीत खोटी किती, त्याचे प्रमाण सरासरीने शेकडा पाचाच्या आत राहावे, असे त्यांनी मागितले.

त्याची कृती शाळकरी मुलालाही जमेल. प्रत्येक द्रव्याच्या योगायोगाचा संभव काढावा आणि सर्वांत लहान संभवापासून ओळीने मांडावे. हजार द्रव्ये असतील तर पहिल्यासाठी मर्यादा ०.००००५, दुसऱ्यासाठी ०.०००१, शंभराव्यासाठी ०.००५, अशी ती चढत जाते. ज्या शेवटच्या क्रमांकाचा संभव आपल्या मर्यादेच्या आत आहे तिथपर्यंतची सर्व द्रव्ये पेटीत घ्यावी, पुढची सोडून द्यावी. चार ओळींच्या या कृतीने या शास्त्राला मोठी शिस्त लावली आहे.

सावली आणि फुटलेली प्रश्नपत्रिका

एकेक द्रव्य पाहण्याऐवजी सर्वांकडे एकत्र पाहण्याचीही रीत आहे. ही दृष्टी आपल्या देशाला परकी नाही. कलकत्त्याच्या प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ साली अनेक मोजमापे एकाच वेळी लक्षात घेऊन दोन गटांमधील अंतर काढण्याचे जे सूत्र दिले ते त्यांच्या नावाने जगभर वापरले जाते. मात्र येथे मोजमापे हजार आणि माणसे शंभर, असा उलटा व्यवहार असल्याने ते सूत्र सरळ लावता येत नाही. आधी हजार मोजमापे थोडक्यांत आटोपावी लागतात. त्याची युक्ती कार्ल पिअर्सन यांनी १९०१ मध्येच सांगून ठेवली होती. दिव्यासमोर सुरई धरली तर एका बाजूने तिची सावली नुसती गोल पडते. दुसऱ्या बाजूने मान, पोट, तोटी सर्व दिसते. ज्या बाजूने सावली जास्तीत जास्त पसरते ती बाजू निवडावयाची. हजार मितींच्या आकड्यांची अशीच एक सपाट सावली संगणक काढतो आणि माणसे त्या कागदावर ठिपक्यांच्या रूपाने दिसतात.

यापुढची एक रीत अशी की, संगणकाला कोण रोगी आणि कोण निरोगी हे आधीच सांगावयाचे आणि दोघे वेगळे दिसतील अशी सावली शोधायला लावावयाचे. ही रीत फार लोकप्रिय आहे, आणि तितकीच धोक्याची. द्रव्ये हजार आणि माणसे शंभर असली म्हणजे संगणकाला वाकवायला इतक्या बाजू मिळतात, की निव्वळ अंदाधुंद आकड्यांतूनही तो दोन सुबक ठिपक्यांचे पुंजके करून दाखवतो. चित्र देखणे असते आणि त्यात काही नसते.

याचे दोन पडताळे आहेत. पहिल्यात रोगी व निरोगी या चिठ्ठ्या पिसून कशाही वाटावयाच्या आणि संगणकाला तेच काम पुन्हा शेकडो वेळा करायला लावावयाचे. खोट्या चिठ्ठ्यांवरही तितकेच सुबक पुंजके पडत असतील, तर खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या पुंजक्यांना किंमत नाही. दुसरा पडताळा परीक्षेचा. काही नमुने बाजूला झाकून ठेवावयाचे, उरलेल्यांवर आज्ञावलीने शिकावयाचे, आणि मग झाकलेल्यांवर तिची परीक्षा घ्यावयाची. यात एक फट राहते. सर्व नमुने पाहून आधीच ‘चांगली’ द्रव्ये निवडली आणि मग काही नमुने झाकले, तर प्रश्नपत्रिका आधीच फुटली. विद्यार्थ्याला शंभर गुण मिळतात, आणि पुढल्या वर्षी तो नापास होतो. चांगली आज्ञावली ही फट मुळातच बुजवून ठेवते; द्रव्यांची निवडही झाकलेल्या नमुन्यांना न पाहता व्हावी, अशी तिची बांधणी असते.

एक इशारा आणि एक आशा

हे सारे पंडिती काथ्याकूट आहे असे कोणास वाटेल, म्हणून घडलेली एक हकीकत सांगतो. ती चयापचय-द्रव्यांची नसून रक्तातील प्रथिनांची आहे. पण यंत्र त्याच जातीचे आणि संख्याशास्त्र तेच. २००२ च्या फेब्रुवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतील संशोधकांनी स्त्रियांच्या अंडाशयाच्या कर्करोगाची एक रक्तचाचणी प्रसिद्ध केली. झाकून ठेवलेल्या ११६ नमुन्यांपैकी कर्करोगाचे ५० च्या ५० नमुने तिने ओळखले, आणि कर्करोग नसलेल्या ६६ पैकी ६३ बरोबर सांगितले. हा रोग बहुधा उशिरा कळतो. त्यामुळे या वार्तेने मोठी आशा उत्पन्न केली.

ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील बॅगर्ली, मॉरिस आणि कूम्ब्स या तिघांनी जाहीर झालेले मूळ आकडे घेतले आणि स्वतः तपासले. त्यांनी २००४ मध्ये दाखवून दिले की एका संचातील खूण दुसऱ्या संचात टिकत नाही, आणि ज्या भागात यंत्र नुसती खरखर नोंदवते त्या भागातही रोगी व निरोगी ‘वेगळे’ दिसतात. खरखरीत फरक दिसतो याचा अर्थ फरक रक्ताचा नाही. नमुने हाताळण्याचा किंवा यंत्राचा आहे. त्याच वर्षी, ही चाचणी बाजारात आणू पाहणाऱ्यांना अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याने अडवले.

समजा ती चाचणी अडवली नसती, आणि म्हटल्याप्रमाणेच अचूक निघाली असती. एक लाख स्त्रियांची तपासणी झाली, त्यांपैकी चाळीस जणींना खरोखर रोग आहे असे धरा. त्या चाळीसही सापडतील. पण उरलेल्या ९९,९६० पैकी शेकडा पाच, म्हणजे सुमारे पाच हजार निरोगी स्त्रियांनाही ‘तुम्हाला कर्करोग आहे’ असे सांगितले जाईल. एका खऱ्या रोग्यामागे सव्वाशे खोटे! त्यांतील कितीजणी भीतीपोटी शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेल्या असत्या? आकड्यांची चूक कागदावर राहत नाही. ती कोणाच्या तरी शरीरावर उतरते.

याच्या उलट बाजूचेही उदाहरण आहे, आणि ते मधुमेहाचे आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रेमिंगहॅम या गावात १९४८ पासून लोकांच्या आरोग्याची पिढ्यान्‌पिढ्या नोंद ठेवली जात आहे. तेथील दुसऱ्या पिढीतील, रक्तातील साखर नीट असलेल्या २,४२२ लोकांवर बारा वर्षे नजर ठेवली गेली. त्यांपैकी २०१ जणांना पुढे मधुमेह झाला. मग त्यांचे सुरुवातीला साठवलेले रक्त तपासले. तुलनेसाठी निरोगी माणसे निवडली तीही वय, स्थूलता आणि साखर जुळवून. पाच अमिनो आम्ले, आयसोल्यूसिन, ल्यूसिन, व्हॅलिन, टायरोसिन आणि फेनिलॲलॅनिन, पुढे मधुमेह होणाऱ्यांत आधीपासूनच वाढलेली आढळली. त्यांतील तीन एकत्र घेतली तर सर्वांत वरच्या चतुर्थांशातील लोकांना धोका पाचपटीहून अधिक होता. संशोधक एवढ्यावर थांबले नाहीत. स्वीडनमधील माल्मो शहराच्या अगदी वेगळ्या लोकसमूहात त्यांनी तोच निष्कर्ष पडताळला आणि मगच २०११ मध्ये तो प्रसिद्ध केला. ही आम्ले मधुमेहाचे कारण आहेत असे एवढ्यावरून ठरत नाही. ती आगाऊ सूचना देतात, इतकेच म्हणता येते. पण ही सूचना दुसऱ्या गावात, दुसऱ्या लोकांतही टिकली, हे तिचे मोल आहे.

आज्ञावलीची परीक्षा

मग विश्वासाची आज्ञावली कशी घडते? ती लिहिणारा शहाणा माणूस प्रथम स्वतःच्या आज्ञावलीला फसवण्याचा प्रयत्न करतो. तो संगणकाकडून शंभर काल्पनिक माणसांचे आकडे तयार करून घेतो. दोन गटांत फरक काहीच ठेवत नाही. असे हजार संच तो आज्ञावलीला देतो. बेंजामिनी-हॉखबर्ग यांची मर्यादा शेकडा पाच ठेवली असेल तर सुमारे साडेनऊशे वेळा किंवा त्याहून अधिक वेळा ‘काही सापडले नाही’ असेच उत्तर आले पाहिजे. त्याहून जास्त वेळा काही सापडू लागले तर आज्ञावलीत कोठेतरी खोट आहे. मग तो ठराविक वीस द्रव्यांत मुद्दाम फरक पेरतो आणि त्यांपैकी किती वर येतात ते पाहतो. खऱ्या रक्तात मोजून-मापून एखादे द्रव्य मिसळतो आणि ते मिसळल्याइतकेच परत मिळते का, हे तपासतो. कोणती पायरी कोणत्या आवृत्तीने केली याची वही आज्ञावली स्वतः लिहीत राहील अशी तजवीज करतो, म्हणजे दहा वर्षांनी कोणी विचारले तरी तेच उत्तर पुन्हा काढून दाखवता येईल.

आणि शेवटची, कदाचित सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो आपली आज्ञावली उघडी ठेवतो. या क्षेत्रातील पुष्कळसे काम ‘आर’ नावाच्या संगणक-भाषेत चालते. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोन संख्याशास्त्रज्ञांनी ती १९९० नंतरच्या वर्षांत तयार केली आणि १९९५ पासून सर्वांना मोफत दिली. याचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे. तालुक्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही तीच हत्यारे मिळतात जी बोस्टनच्या प्रयोगशाळेला मिळतात. आणि तेथे काढलेला निष्कर्ष येथे बसून तपासता येतो. ह्यूस्टनच्या तिघांना जर मूळ आकडे पाहायला मिळाले नसते, तर ती चूक किती वर्षे चालली असती कोण जाणे.

२००९ पासून कॅनडातील मेटॅबोॲनलिस्टसारख्या साधनांनी काम आणखी सोपे केले आहे. आकडे भरा, कळ दाबा, चित्र तयार. ही सोय चांगलीच आहे. पण कळ दाबणाऱ्याला आत काय चालले आहे ते ठाऊक नसेल, तर ती सोय त्याला लवकर चुकायला मदत करील, इतकेच. संगणक नेहमी काही तरी उत्तर देतो. ‘मला माहीत नाही’ असे म्हणायला त्याला शिकवावे लागते. संख्याशास्त्राच्या आज्ञावलीचे खरे काम ते शिकवणे हेच आहे.

आपल्यापैकी बहुतेकांना आज्ञावली लिहावयाची नाही, हे मी जाणतो. परंतु रक्ताच्या एका थेंबावरून अमुक रोग ओळखता येतो, अशी बातमी वर्तमानपत्रांत वरचेवर येते, आणि चाचणीची जाहिरात तिच्या मागोमाग येते. अशा वेळी आपण चार प्रश्न विचारावे. किती द्रव्ये तपासली आणि त्यांतून ही किती निवडली? रोग्यांचे आणि निरोग्यांचे नमुने एकाच वेळी, सरमिसळ करून मोजले होते का? दुसऱ्या ठिकाणच्या, दुसऱ्या लोकांवर हा निष्कर्ष टिकला का? आणि मूळ आकडे दुसऱ्या कोणाला तपासायला मिळतात का? या प्रश्नांना रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. बाजारात आंब्याची पेटी घेताना आपण वरचा थर पाहून भुलत नाही. हात घालून खालची फळे चाचपतो. रक्ताच्या थेंबाच्या बाबतीत तेवढी चौकसपणाची सवय आपण लावून घेतली, तरी पुष्कळ साधले.